वरकुट्याची मूठ

सर्जेराव वाबळे हा बेडकांचा डॉक्टर आहे, अशी त्याच्या गावात, कऱ्हाटीत समजूत होती. ती फारशी चुकीची नव्हती. माणसांची डॉक्टरी शिकून पुण्याच्या एका संशोधन संस्थेत तो बेडकाच्या पायाचा स्नायू नसेसकट वेगळा काढी, नसेला विजेचा बारीक झटका देई आणि स्नायू कसा आखडतो, कसा सैल पडतो, हे काजळी धरलेल्या कागदावर उमटवून घेई. मुलगा काय करतो असं कुणी विचारलं, की त्याची आई बनाबाई म्हणे, "बेडूक मेल्यावर त्याचा पाय हालतोय का बघतोय." विचारणारा पुढं काही विचारत नसे.

१९५४ च्या दिवाळीत तो घरी आला, तेव्हा मामाची मुक्ता सासरहून परत आल्याचं त्याला कळलं. मामा म्हणजे बनाबाईचे भाऊ, इंदापूर तालुक्यातल्या वरकुट्याचे झुंबर मिसाळ. विहिरीच्या पाण्यावर वांगी-टोमॅटो करीत आणि बारामतीच्या बाजारात नेत. मुक्ता खरं तर सर्जेरावलाच द्यायची ठरली होती. पण त्याचं शिकणं संपेना, तेव्हा मामांनी कंटाळून तिला माळशिरसकडं दिली.

घडलं होतं ते असं. मुक्ताची सासू विहिरीच्या पायऱ्या चढत होती. शेवटच्या पायरीवर तिनं हात मागितला आणि सुनेनं दिला. सासू वर आली, पण सून हात सोडेना. सासूनं हिसडा दिला, मग ओरडली. ओरडण्यासरशी मुक्ता लाकडासारखी ताठ झाली आणि आडवी पडली. हात अजून धरलेलाच असल्यामुळं सासूही तिच्या अंगावर पडली. भगताला बोलावलं. सुनेच्या अंगात कुणीतरी आहे आणि त्याचा डोळा सासूवर आहे, असं त्यानं सांगितलं. दुसऱ्या दिवशी मुक्ताला बैलगाडीत घालून माहेरी आणून सोडलं.

बनाबाईनं मुलाला वरकुट्याला धाडलं ते मामांचं सांत्वन करायला. सर्जेरावानं मात्र जाताना पिशवीत नसा तपासायची रबरी हातोडी टाकली.

मामी रंगूबाई पदरानं डोळे पुसत ओसरीत बसल्या होत्या. मुक्ता वांगी निवडत होती. सर्जेराव तिच्यासमोर बसला.

"मूठ घट्ट आवळ. आता सोड."

तिनं सोडली. म्हणजे सोडायला लागली. बोटं एकेक करून, मोठ्या नाखुषीनं उघडली.

"परत."

या वेळी जरा लवकर उघडली. आणखी दोन-चारदा केल्यावर मूठ कुणाचीही सुटावी तशी सुटली.

"आता सुटली की!" मामी म्हणाल्या. "मग तितं का न्हाय सोडलीस बाई?"

सर्जेरावानं मुक्ताच्या अंगठ्याच्या मुळाशी हातोडीनं हलकेच ठोकलं. अंगठा आत वळला आणि तसाच राहिला. सगळे त्याच्याकडं बघत बसले. बऱ्याच वेळानं तो जागेवर आला. सर्जेरावाला फार आनंद झाला, आणि समोर मामी रडत असताना आपल्याला आनंद व्हावा हे त्याला बरं वाटलं नाही.

"हे कधीपासून आहे?"

"कळतंय तवापासनं," मुक्ता म्हणाली. "बसून उठलं की पहिलं पाऊल उचलत न्हाय. कुणी दचकवलं की पडते. जरा चाललं की सुटतंय."

"कुणाला सांगितलं न्हाईस?"

"सांगितलं की. आई म्हणली आळस हाय. सासू म्हणली बाधा हाय. तुमी काय म्हणताय?"

"मला अजून माहीत न्हाय," सर्जेराव म्हणाला.

हे उत्तर तिला पटलं असावं, कारण ती पुण्याला यायला तयार झाली. मामा, मामी आणि मुक्ता बारामतीहून छोट्या रेल्वेगाडीनं दौंडला आणि तिथून पुण्याला गेले. सोबत वांग्यांची पाटी होती. ती संस्थेच्या प्रमुखांना, आप्पासाहेबांना द्यायची होती. त्यांनी घेतली.

दोष नसेत आहे की स्नायूत, हा पहिला प्रश्न होता. सर्जेरावानं ठरवलं, की मनगटापाशी सुई टोचून नसच बधिर करायची आणि मग अंगठ्यावर ठोकून बघायचं. आधी स्वतःच्या हातावर करून पाहिलं. त्या दिवशी जेवताना त्यानं आमटी सांडली, आणि अंगठा अर्थातच वळला वगैरे नाही. मग मुक्ताचा हात बधिर केला. तिला चिमटा कळेना, अंगठा हलवता येईना. ठोकल्यावर मात्र तो पूर्वीसारखाच आत वळून बसला. नसेनं काही सांगितलं नव्हतं. स्नायू आपल्या मनानंच आवळत होता.

संस्थेत नुकतंच एक यंत्र आलं होतं. स्नायूत बारीक सुई घातली, की आतल्या विजेचा आवाज कर्ण्यातून ऐकू येई. मुक्तानं मूठ आवळून सोडली. कर्णा घरघरला, आवाज चढत गेला, मग हळूहळू उतरत विझला.

"ह्यो आमच्या हिरीवरल्या इंजिनाचा आवाज हाय," झुंबरमामा म्हणाले. "इंजिन आत कसं गेलं?"

मामींनी मुक्ताकडं बघितलं. लेक आळशी नव्हती, हे त्यांना त्या कर्ण्यातून प्रथम ऐकू आलं. त्या उठल्या आणि सुई टोचलेल्या हाताला धक्का लागू नये म्हणून दुसऱ्या बाजूनं जाऊन तिच्याजवळ बसल्या.

आप्पासाहेबांनी सगळं नीट पाहिलं आणि सांगितलं, "छान काम केलंस. हा आजार परदेशात एका डॉक्टरानं ऐंशी वर्षांपूर्वी लिहून ठेवलाय. स्वतःच्याच घराण्यातला."

सर्जेराव दोन दिवस बेडकांकडंही फिरकला नाही. तिसऱ्या दिवशी त्याला सुचलं, की त्या परदेशी घराण्यात आजार बापाकडून मुलाकडं असा सरळ उतरला होता. मामा आणि मामी तर धडधाकट होते. तो पुन्हा वरकुट्याला गेला आणि घरोघर बसून कोण कुणाचं, हे विचारत राहिला. मामी ही मामांच्या सख्ख्या आत्याची मुलगी होती. भावकीत धोंडाबाई नावाची म्हातारी होती, तिचीही मूठ सुटत नसे. तिचे आईबापही असेच आते-मामेभावंडं. दोन्ही बाजूंनी थोडाथोडा, कुणाला न दिसणारा दोष आला, की मूल असं निघतं, असं त्याला वाटू लागलं. पुढची सगळी वर्षं तो याच मागं लागला.

औषध त्या मानानं सोपं निघालं. हिवतापाच्या क्विनीनच्या गोळ्यांनी मूठ सुटते, असं कुणीतरी आधीच करून पाहिलं होतं. बारामतीच्या दवाखान्यात त्या गोळ्या पोत्यानं पडलेल्या होत्या. गोळ्यांनी मुक्ताच्या कानात रातकिडे वाजू लागले, पण हातातला तांब्या ठेवला की सुटू लागला.

सर्जेरावानं घरी येऊन सांगितलं, की मिसाळांत आणि आपल्यात इथून पुढं आते-मामेभावंडांची लग्नं करू नयेत. मुक्ताची काडीमोड होईल आणि ती शेवटी आपल्याच घरात येईल, असं बनाबाईनं मनात धरलं होतं.

"लगीन करायचं नव्हतं तर तसं म्हणायचं," ती म्हणाली. "एवढं मशीन कशाला लावलंस?"

बनाबाईचं हे बोलणं वरकुट्याला पोचायला वेळ लागला नाही. पुढच्या खेपेला सर्जेराव गोळ्या घेऊन गेला, तेव्हा मुक्तानं विचारलं, "आत्या म्हणत्यात ते खरं हाय का?"

"न्हाय."

"मग तुमास्नी करायचं हुतं?"

सर्जेराव पाण्याच्या पाटाकडं बघत राहिला. पुण्यात ती यंत्रापुढं बसे, तेव्हा आपण नको तितक्या वेळा मूठ आवळायला सांगत होतो, हे त्याला आठवलं.

"व्हय," तो म्हणाला.

मुक्तानं गोळ्यांची पुडी घेतली आणि इंजिनाच्या खोपीत ठेवून आली. परत आल्यावर म्हणाली, "पोरं माझ्यासारखी झाली असती?"

"सगळीच नसती झाली कदाचित. पण झाली असती तर ठाऊक असून केल्यासारखं झालं असतं."

"मग बरंच झालं," ती म्हणाली आणि वाफ्यात उतरली.

वर्षभरानं मुक्ताचा सासरा आला. सुनेला बाधा नसून आजार आहे, आणि तिच्यावर पुण्याच्या डॉक्टरांच्या सभेत भाषण झालं, हे त्याच्या कानावर गेलं होतं. मुक्तानं त्याला चहा दिला. कप त्याच्या हातात गेला आणि तिच्या हातातून सुटला, हे त्यानं लक्ष देऊन बघितलं.

"झाक झालं की," तो म्हणाला. "चल पोरी. गाडी आणलीया."

"मी न्हाय येत, मामंजी."

"का? आता तर बरी झालीस."

"हात मी मुद्दाम धरला न्हाय, हे त्याच दिवशी सांगितलं हुतं. तवा तुमी ऐकलं न्हाय. आता डॉक्टरनं सांगितलं म्हणून ऐकलं. उद्या दुसरं काय सांगाया लागलं, तर मी दर बारीला डॉक्टर कुठनं आणू?"

सासऱ्यानं मामांकडं बघितलं. मामांनी छपराकडं बघितलं. चहा संपला, तशी गाडी रिकामी गेली.

मुक्ता वरकुट्यातच राहिली. पुढं बारामतीच्या बाजारात मिसाळांची भाजी तीच नेऊ लागली. सर्जेरावानं दोन वर्षांनी बारामतीतल्या एका शिक्षिकेशी लग्न केलं, जिचं माहेर मुद्दाम लांबचं पाहिलं होतं. लग्नात मुक्ता आली, जेवली, आणि नवरीला तिनं साडी नेसवली.

१९५९ साली त्यानं बारामतीत महिन्यातल्या एका रविवारी दवाखाना सुरू केला. हातपाय लुळे पडणाऱ्यांना आणि नसांचा आजार असणाऱ्यांना फुकट तपासलं जाईल, अशी दवंडी दिली होती. पहिल्या रविवारी बरीच माणसं आली. बहुतेकांना खोकला होता. एकाला दात काढून हवा होता. सर्जेरावानं सगळ्यांना तपासलं.

शेवटी साखरबाई नावाची ऊसतोडीची बाई आत आली. सकाळी ती कुणालाही हटत नसे, दुपारनंतर मात्र हातातून कोयता गळे आणि घास चावता येत नसे. मुकादम तिला कामचुकार म्हणे. हे तिनं स्वतःच सांगितलं, आणि सांगता सांगता तिचा आवाज नाकातून येऊ लागला.

"बाई, मान हालवू नका," सर्जेराव म्हणाला. "नुसतं वर आढ्याकडं बघा. बघत ऱ्हावा."

ती बघत राहिली. थोड्या वेळानं तिची डावी पापणी उतरू लागली, मग उजवी. मुक्ताचा स्नायू वापरला की सुटे, हिचा वापरला की थके; सुई दिल्यावर पापण्या पुन्हा वर गेल्या, तर हा कामचुकारपणा नसून स्नायूचाच आजार ठरणार होता. सर्जेरावानं खुर्ची पुढं ओढली आणि कंपाउंडरला इंजेक्शनची पेटी आणायला सांगितली.