लहान हातांचा कोतो

जपानात, आमच्या आइझूत, मुलीला कोतो शिकायला बसवायचं ते सहाव्या वर्षी, सहाव्या महिन्याच्या सहा तारखेला. हा मुहूर्त कुणी काढला कोण जाणे, पण ज्याने काढला त्याने सहा वर्षांची मुलगी आणि कोतो शेजारी शेजारी कधी पाहिलेले नसणार. तेरा तारांचं ते वाद्य माणसापेक्षा लांब. मुलगी गुडघे मोडून त्याच्यापुढे बसली की पलीकडच्या तारेला तिचा हात पोचत नाही, आणि पोचवायला गेली तर बिचारी वाद्यावरच आडवी होते.

मी कोतो शिकवते, बाकीच्या पोरींचं कसंबसं भागवून नेते. होनामीच्या बाबतीत ते जमेना, कारण तिला कान होता. तिची आई हिसायो स्टेशनाजवळ खानावळ चालवते, गाण्याबजावण्याशी घरात कुणाचा संबंध नाही. पण एखादी तार केसभर उतरली तरी ही चिमुरडी तोंड वाकडं करायची. अशी शिष्या जन्मात एखादीच वाट्याला येते. तिला भलतंसलतं वाद्य देऊन तिचा कान मला बिघडवायचा नव्हता.

दुकानातले मुलांचे आखूड कोतो मी वाजवून पाहिले. बादली बडवल्यासारखा आवाज. दुकानदार म्हणाला, मग शामिसेन द्या, त्याला तीनच तारा असतात. मी त्याला विचारलं, त्या लांब दांडीच्या टोकाला हात पोचवायला पोरीने काय शिडी लावायची? त्याने हसून विषय बदलला. शेवटी त्याच्या म्हाताऱ्या वडिलांना आठवलं, की वर डोंगरात कुझुमी नावाच्या कारागिराने फार पूर्वी एक छोटा कोतो केला होता.

कुझुमीकाकांचं घर किरीच्या झाडांमध्ये आहे. कोतो त्याच लाकडाचा होतो. त्यांनी रेशमी कापडातून वाद्य काढून माझ्यापुढे ठेवलं. लांबी निम्मी, तारा जवळ जवळ, तारांखालच्या घोड्या बोटाच्या पेराएवढ्या. मी एक तार छेडली आणि थक्क झाले. आवाज मोठ्या कोतोचा होता, भरलेला आणि खोल. किंमत विचारली तर म्हणाले, विकायचा नाही, वापरायला न्या. मुलीने रोज वाजवला पाहिजे, एवढीच अट. मग त्यांनी होनामीची चौकशी केली. नीट जेवते का, आजारी पडते का, वाढ कशी आहे? मी कौतुकाने सांगितलं, बांबूच्या कोंबासारखी वाढतेय. म्हातारा किती मायाळू, असं वाटलं मला तेव्हा.

सोबतच्या डबीत वाजवायच्या तीन नख्या होत्या. या नख्यांना चामड्याची वळी असतात आणि ती बोटाच्या मापानेच करावी लागतात, दुसऱ्याची वळी कधी बसत नाहीत. ही होनामीच्या तिन्ही बोटांत अलगद बसली. तिने हात वर करून मला दाखवला आणि मला मनापासून आनंद झाला.

वर्षभर ती झपाटल्यासारखी वाजवत होती. मी इतकी खूश होते की बाकी काही दिसलंच नाही. आमच्याकडचा हिवाळा सगळ्या वाद्यांचे सूर उतरवतो, रोज घोड्या सरकवाव्या लागतात. बर्फाने दार अडलं होतं त्या आठवड्यातही हा कोतो उतरला नाही. चांगलं लाकूड आहे, असं म्हणून मी पुढे शिकवत राहिले.

जून आला. दर जूनला मी सगळ्या मुलींची वळी नव्याने करते, कारण वर्षात बोटं भरतात आणि जुनी रुतायला लागतात. होनामीची वळी मी ओढून पाहिली. जशी पहिल्या दिवशी बसली होती तशीच बसत होती. तिच्या शेजारी तिच्याच वर्गातली मुलगी होती. पुढचे दात पडलेले, फ्रॉक आखूड झालेला. होनामी तिच्या कानापर्यंत येत होती. गेल्या जूनमध्ये दोघी बरोबरीच्या होत्या.

मी तिला तोंड उघडायला लावलं. सगळे दात जागच्या जागी, बारीक, दुधाचे.

हिसायोला विचारलं तर ती म्हणाली, डॉक्टरांनी सांगितलंय, काही मुलं उशिरा वाढतात. मग जवळ सरकून म्हणाली, "बाई, तुम्हाला म्हणून सांगते, हसू नका. नवीन वर्षापासून मी तिची नखं कापलेली नाहीत. कापायला वाढतातच कुठे?"

त्याच दुपारी कोतो गाडीत घातला आणि डोंगरात गेले. कुझुमीकाका ओसरीवर बसले होते. मी वाद्य त्यांच्यापुढे ठेवलं आणि मुलीचं काय केलंत ते सांगा, म्हणाले. त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. कुणीतरी विचारावं म्हणून वाट पाहत असल्यासारखे बोलत सुटले.

आमच्याकडे मुलगी जन्मली की बाप अंगणात किरी लावतो. मुलगी आणि झाड एकत्र वाढतात. लग्न ठरलं की झाड तोडून तिच्या कपड्यांची पेटी करायची, तोवर त्याला कुऱ्हाड लावायची नाही. काकांच्या मुलीला, किनुएला, सहाव्या वर्षी कोतो शिकायचा होता आणि तिचा हात पोचत नव्हता. रोज रडायची. बापाला पाहवेना. हातात हत्यार होतं, अंगात कसब होतं आणि दाराशी झाड होतं.

"तिचंच झाड, तिच्यासाठीच तोडलं," काका म्हणाले. "मला वाटलं, पेटीचं काय, पुढे बघू. त्या दिवसापासून पोर बोटभरही वाढली नाही."

मी विचारलं, मग हे होनामीवर का?

"अजून थोडी वर्षं, बाई. तुमच्या शिष्येपुढे अख्खं आयुष्य पडलंय."

आतून कुणीतरी विचारलं, "बाबा, कोण आलंय?" आवाज बाईमाणसाचा होता. दार सरकलं आणि सात वर्षांच्या मुलीएवढी एक आकृती बाहेर आली. केस पांढरे. डोळ्यांभोवती सुरकुत्या. अंगात लाल किमोनो, आणि त्याच्या खांद्यावरची चूण ती उसवत होती. लहान मुलींच्या किमोनोला खांद्यावर चूण घालतात, मूल वाढलं की सोडतात. मला उठून पळायचं होतं.

ती माझ्याकडे पाहून हसली. दात दुधाचे होते.

"बघा ना बाई, मनगटं उघडी पडायला लागली," ती म्हणाली. "पन्नाशी उलटल्यावर माणूस वाढतं का कधी? बाबा म्हणतात, देवाला उशिरा जाग आली. पहिल्यांदाच सोडतेय ही चूण."

तिला काहीच माहीत नव्हतं. कुझुमीकाकांनी दोन्ही तळवे जमिनीवर ठेवले आणि माझ्यापुढे कपाळ टेकलं. मला त्यांची दया आली, आणि त्या दयेची चीडही आली.

मी म्हणाले, "किनुएताई, माझी एक शिष्या आहे, होनामी. वर्षभर ती तुमचा हा कोतो वाजवतेय. वर्षभरात तिचा एकही दात पडला नाही. नखंसुद्धा वाढत नाहीत."

ती कोतोकडे बघत राहिली. मग बापाच्या वाकलेल्या पाठीकडे. काका उठले नाहीत. किनुए खाली बसली, सुईत दोरा ओवला, उसवलेलं कापड जुन्या घडीवर दुमडलं आणि टाके घालायला लागली.

"तिच्या आईला सांगा," ती मान वर न करता म्हणाली, "चूण जरा मोठी ठेव म्हणावं. या वयात मुली भराभर वाढतात."