दवाखान्यातला धूर

माझी नात निएवेस हिचं पहिलंच बाळ पोटात पायाळू होतं. आमच्या डोंगरात अशा बाळंतपणाला दवाखाना गाठावाच लागतो, आणि निएवेस दवाखान्याचं नाव काढू देत नव्हती.

"तिथे लोकरीचे घागरे उतरवून पातळ झगा घालतात, आजोबा. गारठूनच मरायचं तर घरी काय वाईट?"

दवाखान्याच्या नव्या प्रमुख, डॉक्टर फाबिओला, यांचीही चिंता तीच, बायका दवाखान्यात येतच नाहीत. त्यांनी नव्या खाटा आणल्या, भिंतींना पांढऱ्या फरश्या लावल्या, तरी बाळंतिणींचा विभाग ओसच. एके दिवशी शाळेत येऊन म्हणाल्या, "गुरुजी, बायका तुमचं ऐकतात. समजवा ना त्यांना."

"नात माझी, तीच ऐकत नाही," मी म्हटलं. "बसा जरा. आज चित्रकलेचा तास आहे."

मुलांना मी गावाचं चित्र काढायला सांगितलं. मुलं काम करत असली की मी मध्ये बोलत नाही. डॉक्टरीणबाईंनाही बोलू दिलं नाही. त्या बाकांमधून फिरल्या आणि रुफिना नावाच्या मुलीपाशी थांबल्या.

"सगळ्या घरांतून धूर निघतोय. माझ्या दवाखान्यातून का नाही गं?"

"तिथे चूल कुठेय?" रुफिना मान वर न करता म्हणाली. "धूर नाही म्हणजे घरात कोणी नाही."

"अगं, हीटर आहेत की."

"त्यावर सूप होतं?"

वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. बाकाच्या कडेला टेकल्या आणि त्यांनी इतर चित्रंही पाहिली. दवाखाना सगळ्यांनीच बिनधुराचा काढला होता.

विभागाला लागून, बाहेर उघडणारं दार असलेली एकच खोली होती, बाईंची स्वतःची कचेरी. तिथे चूल घालायची म्हणून त्यांनी टेबल बाहेर काढलं. हिशेबनीस एलियास कुरकुरले, "काजळी धरेल. आणि तुम्ही बसणार कुठे?"

"तुमच्या समोर. मग कुरकुर ऐकायला लांब जायला नको."

गावातल्या पुरुषांनी माती आणली, धुराडं केलं. झग्याची सक्तीही गेली. तपासणी घागऱ्यावरच, सासू किंवा आई शेजारी. मुलांनी गिनिपिगही आणून ठेवले असते, कारण आमच्याकडे ते चुलीपाशीच राहतात. त्याला मात्र बाई ठाम नाही म्हणाल्या.

दिवस भरत आले तशी निएवेस "नुसतं बघायला" म्हणून माझ्याबरोबर आली. चुलीपुढे बसली, शेणी सारखी केली, फुंकर घातली.

"धुरकटतेय. कोणी बांधली?"

"तुझ्या नवऱ्यानं," बाई म्हणाल्या.

"तरीच." तिनं शाल सोडली आणि पातेलं मागितलं. "नवरा मेंढीचं मांस घेऊन येईल. तोवर बटाटे तरी सोलते."

ती राहिली. कळा तिथेच सुरू झाल्या. बाळ वळेना, तेव्हा बाई तिच्याशेजारी उकिडव्या बसून म्हणाल्या, "आता पोट उघडावं लागेल, पोरी."

निएवेसनं चुलीकडे पाहिलं. "विझू देऊ नका," एवढंच म्हणाली आणि उठली.

मुलगी झाली, धट्टीकट्टी. शुद्धीवर आल्यावर निएवेसची पहिली तक्रार होती, सूपात मीठ कमी.

दुसऱ्या दिवशी वर्गात कोणाचंच गणितात लक्ष नव्हतं. सगळे खिडकीतून दवाखान्याच्या धुराड्याकडे बघत होते.

"गुरुजी, आज धूर जास्त आहे," रुफिना म्हणाली. "आणखी कोणीतरी आलंय."

मी फळा पुसला आणि म्हटलं, "मग कोण असेल, ते आधी ठरवू."