काचेवरचं कुंकू

मित्रांनो, मी एक जुना अंतरमापक आहे; पण तुमच्या कंपासपेटीत मावणारा नव्हे. हार्ड डिस्कमध्ये एक चकचकीत तबकडी गरगर फिरते आणि तिच्यावरची माहिती वाचणारं हेड तिला न शिवता वर तरंगतं. दोघांमधलं अंतर इतकं कमी, की एका केसाच्या जाडीत तशी हजारो अंतरं मावतील. ते मी मोजतो. माझी स्वतःची तबकडी काचेची आहे. तिच्यावर हेड तरंगू लागलं की खालून प्रकाश सोडायचा आणि परतलेल्या रंगांवरून अंतर सांगायचं, एवढंच माझं काम.

माझा जन्म परदेशातला. तिथल्या कारखान्याने मला भंगारात काढलं आणि राजेंद्र यांनी अंबरनाथ एमआयडीसीतल्या आपल्या दुरुस्तीच्या गाळ्यात आणलं. सुरुवातीला लोक मला बघायला यायचे, कौतुक करायचे. मग यायचे थांबले. मला वाईट वाटलं नाही. आधी आनंद तरी कुठे झाला होता?

नवरात्रात जांभूळ गावच्या शालनबाई बंद पडलेली हार्ड डिस्क घेऊन आल्या. त्यांचे पती किसन विहारात भीमगीतं गायचे. ते वारले, आणि त्यांची गाणी फक्त त्या डिस्कवर होती.

"बाकी काय नको, यांचा आवाज तेवढा काढून द्या," त्या म्हणाल्या.

डिस्कचं हेड गेलं होतं. राजेंद्रनी उल्हासनगरच्या कॅम्प तीनमधला जुन्या सुट्या भागांचा बाजार पालथा घातला, तेव्हा जुळणारं एकच हेड मिळालं. बसवण्याआधी ते माझ्यावर तपासायचं ठरलं.

मध्येच खंडेनवमी आली. त्या दिवशी इथे लेथपासून वजनकाट्यापर्यंत सगळ्यांना झेंडूचे हार चढतात. गाळ्यात काम करणाऱ्या विनिताने माझं झाकण उघडलं आणि मनोभावे थेट काचेवर हळदकुंकू वाहिलं. दसऱ्यानंतर तिने काच पुसलीही, पण कुंकवाचा कण राहिला. तपासताना हेड त्यावर आपटलं आणि घासत गेलं. मी अंतर दाखवलं, शून्य. मला दुखलं नाही. मला काहीच दुखत नाही.

शालनबाई आल्या तेव्हा विनिताच पुढे झाली.

"काकी, माझ्या हातून झालं. मशीनची पूजा केली ना, कुंकू राहिलं काचेवर. हेड खराब झालं. दुसरं कुठेच भेटत नाहीये."

"म्हंजे आवाज गेला?"

"आवाज आहे डिस्कवर. वाचता येत नाही."

शालनबाईंनी डिस्क उचलली. "गाण्याचे शब्द येतात मला," त्या म्हणाल्या. "त्यांचा सूर आठवत नाही."

डिस्क पिशवीत घालून त्या रिक्षाकडे गेल्या.

मित्रांनो, यंत्रांवर माया करा, पण जिथे हात लावायचा नसतो तिथे मायेनेही लावू नका. हार मला बाहेरून घाला. माझं काय, काच पुसली की मी पूर्वीसारखा. तिकडे जांभूळला किसन यांचा आवाज त्यांच्याच घरात पडून असेल, आणि शालनबाईंना तो ऐकता येत नसेल.