दहा लाख तीन

“दहा लाख तीन ही मूळ संख्या आहे. एक आणि ती स्वतः सोडून कशानंच तिला भाग जात नाही!” असं मी बारावीच्या वर्गात छाती ठोकून सांगितलं, तर धनंजय सर हसले. मला कोणी हसलेलं अजिबात खपत नाही.

“फोनात पाहून कोणीबी सांगते, सुरभी,” सर म्हणाले. “हातानं भागून दाखव. रविवारी पाचले तुह्या घरी येतो. जमलं तर नागपूरच्या स्पर्धेले तूच जाशीन.”

हजार गुणिले हजार म्हणजे दहा लाख. म्हणून भाजकांची जोडी असलीच, तर तिच्यातला धाकटा हजाराच्या आतच सापडणार. तिथपर्यंतच्या मूळ संख्या एकशे अडुसष्ट. दोनपासून एकेक चिठ्ठीवर लिहून, एकीवर एक ठेवत मी गठ्ठा केला आणि आजोबांच्या हाती दिला. आमचे आबाजी जन्मभर पुलगावच्या बाजारात धान्य मोजणारे मापारी. मोजणीत त्यांचा हात धरणारा कोणी नाही. ते चिठ्ठी द्यायचे, मी नि मैत्रीण कोकिळा भागायचो, झालेली चिठ्ठी डब्यात.

शेवटी शेवटी तर धमाल! सदतिसानं भागलं, उरले चार. तेरानं चार. अकरानं चार, सातानंही चार!

“हे काय होऊन राह्यलं वं?” कोकिळा ओरडली. मग ध्यानात आलं. ओळीनं सहा वेळा नऊ लिहिले की त्या संख्येला या चौघांनीही भाग जातो, आणि आपली संख्या तिच्याहून चारनं मोठी. मी उडीच मारली.

सर आले. डबा ओतून मोजला. एकशे सदुसष्ट.

“एक राह्यली,” सर म्हणाले. “तिनंच भाग गेला तर?”

“म्या पुरे एकशे अडुसष्ट मोजले!” आबाजी उसळले. “लाभ, दोन, तीन...” आणि थांबले. बाजारात पहिल्या मापाला ते एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात, आणि ते देवाचं म्हणून बाजूला काढतात. पहिली, गठ्ठ्यातली सगळ्यात वरची चिठ्ठी त्यांनी देव्हाऱ्यात ठेवली होती! असा राग आला मला!

धावत जाऊन ती आणली. नऊशे सत्त्याण्णव.

मी डोळे मिटले. हजारातून तीन कमी. त्याला एक हजार तीननं गुणलं, तर दहा लाखांतून नऊ कमी. तिथून आपली संख्या...

“बारा!” मी किंचाळले. “बारा उरतात, सर! भाग जात नाई!”

सरांनी स्वतः मांडून पाहिलं आणि मान डोलावली.

“बारा उरले मंजे बिघडलं का वं?” आबाजींनी घाबरून विचारलं.

“नाई, आबाजी!” मी त्यांच्या गळ्यातच पडले. “मंजे मी नागपूरले चालली!”