विषय : पूल

रविवारी आपल्याकडच्या दुपारी चार वाजून सतरा मिनिटांनी मनिलात नऊ नंबरचा बॉल पॉकेटच्या तोंडाशी येऊन थांबला. आत गेला नाही. फिलिपिन्सचा खेळाडू खुर्चीतून उठला, क्यूच्या, म्हणजे बॉल मारायच्या काठीच्या, टोकाला त्यानं खडू घासला आणि तोच बॉल हलकेच आत घातला. आशियाई सांघिक पूल चषकाचा अंतिम सामना भारत दहा विरुद्ध अकरा असा हरला.

वर्ध्याला लागून असलेल्या सिंदी मेघेत श्रावणच्या पूल पार्लरमध्ये त्या वेळी एकोणीस माणसं भिंतीवरच्या टीव्हीसमोर बसली होती. एकानंही शिवी दिली नाही, एवढ्यावरूनच काय ते समजावं. बाहेर एप्रिलचं ऊन, शटर अर्धं ओढलेलं, कूलर धडधडत होता. मधलं मोठं टेबल रिकामं होतं. भारताचा सामना चालू असताना टेबलावर बॉल वाजवायचा नाही, असा त्या पार्लरचा दंडकच होता.

घड्याळाखालच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बंडोपंत बसले होते. वय अठ्ठावन्नला टेकलेलं, जूनअखेर निवृत्ती. वर्ध्यात जिल्ह्याच्या एका कार्यालयात आवक-जावकच्या टेबलावर त्यांची चौतीस वर्षं गेली होती. दोन महिन्यांपूर्वी या खेळातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. आता कळत होतं. एक ते नऊ बॉल क्रमानं घ्यायचे आणि ज्याच्या हातून नऊ जाईल त्याचा डाव. म्हणजे आठ बॉल तुम्ही घेतले नि नऊ चुकला, तर आठांची नोंद कुठंच होत नाही. हा नियम पहिल्यांदा ऐकला तेव्हा त्यांना तो फार कडक वाटला होता.

"बदली खेळाडू होता बाप्पा," श्रावण म्हणाला. पार्लर त्याचं, पण बोलायचा तो गिऱ्हाइकासारखा. "पोराचा हात थरथरून राह्यला होता. पाह्यलं ना?"

नोकरीत 'बदली' हा शब्द बंडोपंतांनी हजारदा लिहिला असेल. त्याचा हा अर्थ त्यांच्या वाट्याला उशिरा आला.

"त्या जागी आपला माणूस असता त हा बॉल डोळे मिटून घेतला असता," ऑटोवाला चिंधू म्हणाला आणि सगळे मागं वळले.

मागं, क्यूच्या स्टँडला टेकून रत्नदीप थूल उभा होता. एकोणतीस वर्षांचा, समुद्रपूरच्या एका सरकारी कार्यालयात कनिष्ठ सहायक. रोज सकाळच्या बसनं जायचा, संध्याकाळच्या बसनं यायचा आणि घरी जायच्या आधी तासभर या टेबलावर घालवायचा. जानेवारीच्या निवड चाचणीत तो देशात पाचवा आला होता. संघ पाच जणांचा होता.

"डोळे मिटून नाई घेतला असता, चिंधूभाऊ," तो म्हणाला. "डोळे उघडे ठेवून. पातळ कट होता तो, नुसती कड लागाले पाह्यजे."

लोक हसले. हसण्यानं जरा मोकळं वाटलं आणि मग जास्तच वाईट वाटायला लागलं.

रत्नदीप मनिलाला का गेला नाही, हे सिंदी मेघेत सगळ्यांना ठाऊक होतं. सरकारी माणसाला परदेशी जायचं तर कार्यालयाचं ना हरकत लागतं. त्याचा अर्ज समुद्रपूरहून जिल्ह्याला गेला आणि एकोणीस दिवसांनी परत आला. तोवर नाव पक्कं करायची तारीख उलटून सात दिवस झाले होते. अर्जाच्या कोपऱ्यात लाल शाईनं कोणीतरी लिहिलं होतं : 'पूल — बांधकाम'. आणि खाली पूल बघणाऱ्या अभियंत्याचा शेरा होता : 'सदर पूल या उपविभागाच्या हद्दीत येत नाही. सबब परत.'

त्या कागदाचा फोटो पार्लरमधल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये होता. पहिले दोन दिवस लोक हसले. थूलचा पूल, थूलचा पूल, असं चिंधूनं चालीवर म्हणून दाखवलं. तिसऱ्या दिवशी चिंधूच म्हणाला, "पण मले एक सांगा, एवढं येडं कोणी अस्ते का? स्पर्धा लिहिलं हाय. परदेश लिहिलं हाय. नदी-नाल्यावरच्या पुलाले पासपोर्ट कायले लागते? हे चुकून नाई झालं. मुद्दाम केलं. थूल आडनाव वाचलं, जात कळली न् केलं."

त्यानंतर कोणी हसलं नाही.

तो लाल शेरा बंडोपंतांचा होता.

तीन फेब्रुवारीला त्यांच्या टेबलावर दोनशे बारा कागद आले होते. आदल्या पावसाळ्यात वाहून गेलेल्या पुलांचे प्रस्ताव त्या आठवड्यात सगळ्या तालुक्यांतून येत होते. समुद्रपूरचेच अकरा होते. बारावा कागद हातात आला. 'समुद्रपूर' दिसलं, लांबलचक विषयाच्या मध्यावर 'पूल' दिसलं, आणि चौतीस वर्षांच्या सवयीच्या हातानं कोपऱ्यात खूण केली. नाव वाचलंच नव्हतं. स्पर्धाही वाचली नव्हती. कागद परत आला तेव्हा, बावीस तारखेला, त्यांनी तो अथपासून इतिपर्यंत पहिल्यांदा वाचला. अर्जदाराचा पत्ता त्यांच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून होता.

त्याच संध्याकाळी ते माफी मागायला निघाले. दारात सरिता, रत्नदीपची बायको, कणकेच्या हातांनी उभी होती. "ते कुठं अस्तीन? त्या पार्लरात पाहा, काका." पंत पार्लरमध्ये आले. रत्नदीप एकटाच खेळत होता. अनोळखी म्हातारा दारात घुटमळतोय हे पाहून तो म्हणाला, "या ना काका, बसा. पाह्यचं हाय का?" आणि पंत बसले. तासभर तो त्यांना एकेक बॉल दाखवून समजावत राहिला. मारायचा पांढरा बॉल कुठं थांबवायचा, पुढचा बॉल मनात कसा धरायचा. स्वतःच्या अर्जाबद्दल एक शब्द बोलला नाही. माफी मागायची ती वेळ होती. पंत म्हणाले, "उद्या येतो."

ते दुसऱ्या दिवशी आले, तिसऱ्या दिवशीही आले. त्याच तिसऱ्या दिवशी चिंधूनं 'मुद्दाम' हा शब्द काढला आणि पंतांच्या जिभेला कुलूप लागलं. मी चुकलो, असं सांगता आलं असतं. पण मी मुद्दाम केलं नाही, हे त्याच्यापुढं जोडावं लागणार, आणि ते वाक्य आपल्या तोंडून कसं ऐकू येईल, हे त्यांना चांगलं कळत होतं.

ते येत मात्र राहिले. त्यांच्या पत्नी इंदिराबाई म्हणाल्या, "या वयात कसलं वेड घेतलंत?" खोटं नव्हतं ते. खेळ त्यांना खरोखरच आवडायला लागला होता. मनिलाचं वेळापत्रक त्यांनी पाठ केलं. तिथली वेळ अडीच तास पुढं, म्हणून कोणता सामना इकडं किती वाजता लागेल हे लोक त्यांनाच विचारत. कोणाचे किती गुण झाले हे ते तोंडी सांगत. फळ्यावर लिहा म्हटलं की चष्मा घरी राहिला म्हणत. सगळ्या जिल्ह्यात ज्यांच्या अक्षराचं नाव होतं, त्यांनी दोन महिन्यांत त्या पार्लरमध्ये एकदाही हातात पेन धरलं नव्हतं. आपला 'ल' जुन्या वळणाचा आहे, आजकाल तसा कोणी काढत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. तो 'ल' तिथल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये होता.

पाच वाजता गर्दी पांगली. चिंधू जाता जाता म्हणाला, "ज्यानं फाइल तिकडं धाडली ना, त्याले एकदा या खुर्चीत बसवून हा सामना दाखवला पाह्यजे."

पंत त्याच खुर्चीत बसले होते.

श्रावणनं चहा आणला. रत्नदीपनं खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि पंतांपुढं धरला. "काका, तुमी हापीसातले. हे एकदा वाचून देजा. उद्या अर्धा दिवस सुट्टी घेतली, तुमच्याच हापीसात टाकतो."

माहिती अधिकाराचा अर्ज होता, टाइप केलेला. चार प्रश्न. माझी फाइल कोणत्या अधिकाऱ्याकडं किती दिवस होती? त्या अधिकाऱ्याचं नाव काय? विलंबाचं कारण काय? कोणावर कारवाई झाली?

पंतांनी तो दोनदा वाचला. चष्मा घरी राहिला म्हणायचं त्यांना सुचलं नाही. या चार प्रश्नांची उत्तरं काय जातील हे त्यांना तिथंच दिसत होतं. अधिकारी म्हणून शाखेच्या बाईंचं नाव जाईल. नमिताबाई, दोन वर्षांपूर्वी आलेल्या, कागदाला ज्यांचा हातही लागला नव्हता. आवक टेबलाचा उल्लेखही येणार नाही. जून येईल, सत्कार होईल, शाल-नारळ मिळेल.

"कोणाचा संशय आहे तुला?" त्यांनी विचारलं.

"शाखेच्या मॅडमचा. मागच्या वर्षी त्याईच्याशी माझं भांडण झालतं, रजेवरून."

"आणि समजा, चुकून झालं असेल तर?"

रत्नदीपनं कप खाली ठेवला. "काका, चुकून होऊ शकते. मले माहीत हाय. मी बी कारकूनच हाव, माझ्या हातून का चुका नाई होत?" तो थांबला. "पण चुकलेला माणूस दोन महिन्यात एक फोन करते ना. माझा नंबर होता त्या अर्जावर. काऊन नाई केला?"

कूलरमधलं पाणी संपलं होतं आणि तो कोरडाच फिरत होता. श्रावण बादली घेऊन मागं गेला. पार्लरमध्ये दोघंच उरले. पंतांनी तोंड उघडलं. "रत्नदीप, तो कागद..." एवढं ते म्हणाले.

"हं?"

सांगायचं होतं ते एका ओळीचं होतं.

"त्या कागदात एक प्रश्न कमी आहे," पंत म्हणाले. "पेन दे."

रत्नदीपनं खिशातलं पेन दिलं. पंतांनी कागद टेबलाच्या कडेवर ठेवला आणि चौथ्या प्रश्नाखाली, आपल्या नेहमीच्या अक्षरात, सावकाश लिहिलं : '५. माझ्या अर्जाची आवक नोंदवहीतील नोंद, तसेच विषय "पूल" असा लिहून तो बांधकामकडे पाठवणाऱ्या कर्मचाऱ्याचे नाव, यांची प्रत मिळावी.' 'पूल' लिहिताना त्यांचा हात थांबला नाही. जुन्या वळणाचा 'ल', तसाच, जसा कोपऱ्यात होता.

"हे आधी विचार," ते म्हणाले. "बाकीचं नंतर."

रत्नदीपनं कागद घेतला, न वाचताच घडी घालून खिशात ठेवला आणि म्हणाला, "तुमी व्हते म्हणून बरं, काका." स्टँडवरची आपली क्यू त्यानं एकदा सरळ केली आणि गाडीला किक मारून तो गेला.

पंत घरी आले. इंदिराबाईंनी विचारलं, जिंकले का? हरले म्हणून सांगितलं. पावणेआठ वाजता त्यांनी रत्नदीपला मेसेज केला : 'अर्ज वाचलास का? उद्या कार्यालयात आवकच्या टेबलावर मी आहे.' आठ वाजून सहा मिनिटांनी मेसेजखालच्या दोन खुणा निळ्या झाल्या. उत्तर आलं नाही.

सोमवारी ते दहा मिनिटं आधी टेबलावर बसले. नवीन पान काढलं, तारीख टाकली. दिवसभरात एकशे चौसष्ट कागद आले. प्रत्येकाचा विषय त्यांनी शेवटच्या शब्दापर्यंत वाचला, त्यामुळं रांग दारापर्यंत गेली आणि लोक कुरकुरले. खिडकीतून कोणी कागद सरकवला की ते आधी हात बघत, मग चेहरा. रत्नदीपचा अर्ज त्यात नव्हता. मंगळवारीही नव्हता.

बुधवारी दुपारी ते पहिल्यांदाच खुर्ची सोडून शाखेत गेले आणि नमिताबाईंपुढं उभे राहिले. तीन फेब्रुवारीची नोंद उघडून त्यांनी वही टेबलावर ठेवली आणि ती कोणाच्या हातची आहे ते सांगितलं. बाईंनी वहीकडं पाहिलं, मग त्यांच्याकडं. "लेखी द्या," त्या म्हणाल्या. पंतांनी लेखी दिलं, आणि आवक क्रमांकही स्वतःच टाकला.

त्या संध्याकाळी ते पार्लरमध्ये गेले. चिंधू नव्हता. श्रावण टेबलाचं कापड ब्रश करत होता.

"रविवारपासून आला नाई बाप्पा तो," श्रावण म्हणाला. "फोन बी उचलत नाई. तुमाले काई बोल्ला का, पंतकाका?"

पंतांनी स्टँडकडं पाहिलं. रत्नदीपची क्यू तिथंच होती, त्यानं सरळ केली होती तशी.

बुधवारी कार्यालय बंद होईपर्यंत जिल्ह्याच्या कार्यालयात माहिती अधिकाराचा तो अर्ज दाखल झालेला नव्हता.