गप्प झालेलं पोट

बेकरीवाले काका म्हणजे तोंडाचा पट्टा. दवाखान्यात आले की आधी गप्पा, मग दुखणं. त्या सकाळी मात्र काकूंच्या खांद्यावर भार टाकून आले, टेबलावर आडवे झाले आणि हलायलाच तयार होईनात.

काकूंच्या मते गॅस झाला होता. भट्टीपाशी एकदम जीवघेणी कळ आली, आता जरा कमी आहे, तेव्हा एक इंजेक्शन ठोका आणि मोकळं करा. नव्या डॉक्टरीणबाईंनी खोदून विचारलं तेव्हा कुठे खरं बाहेर पडलं. कणीक मळून खांदा धरलेला, म्हणून दुखण्याच्या गोळ्या रोज चालू. त्यावर पोटात जळजळलं की केकात घालायचा सोडा चमचाभर पाण्यात. डबा हाताशीच! ढेकर आली की स्वारी खूश. पोट बिचारं कधीपासून ओरडत होतं आणि हे गृहस्थ सोडा पाजून त्याचं तोंड बंद करत होते. काय म्हणावं आता!

बाईंनी तळवे चोळून ऊब आणली आणि हात ठेवला. पोट कसलं, कणीक मळायची फळी. मग स्टेथोस्कोप टेकवला. आजवर कितीतरी पोटं त्यांनी ऐकली होती, त्या गुरगुरीचं कधी काही वाटलं नव्हतं. इथे काहीच नाही. जागा बदलली, वाट पाहिली, तरी चिडीचूप. आतली आतडीच थांबली होती.

"काका, हा गॅस नाही. रोजच्या गोळ्यांनी जठराला भोक पडलं असणार. आत्ताच ऑपरेशन करावं लागेल."

काकू भडकल्या. कालची पोर आणि म्हणे भोक! अंदाज चुकला तर बाईंचं गल्लीभर हसं होणार होतं. पण त्या हटल्या नाहीत. काकांना पाण्याचा घोटही घेऊ दिला नाही आणि स्वतःच रुग्णवाहिका बोलावली. दुपारी सर्जनचा फोन आला. भोक सापडलं, शिवलं. आणखी उशीर झाला असता तर, एवढं म्हणून तो थांबला.

टाके सुकल्यावर काका आले ते पट्टा सुरू करूनच. बाईंनी स्टेथोस्कोपच्या नळ्या त्यांच्या कानात घातल्या आणि चकती त्यांच्याच पोटावर ठेवली. काका बोलता बोलता थांबले. काकू काही विचारणार, तर त्यांनी हातानेच गप्प केलं. डोळे भरून आले होते.

"हे असं कायम चालू असतं?"

"झोपेतसुद्धा."

काकांनी नळ्या काढून काकूंच्या कानात घातल्या. काकूंनी डोळे मिटून घेतले आणि नवऱ्याचा हात घट्ट धरला. बाहेर पेशंट खोळंबले होते, पण बाईंनी काही त्यांना उठवलं नाही.