आपली शाळा, म्हणजे कोणाची?

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी पाटी आहे. पण खरं सांगायचं तर मी आधी दार होते. माझा घोळ इथूनच सुरू होतो. दाराचं काम लोकांना अडवायचं, शाळेच्या पाटीचं काम बोलवायचं. बिज्याच्या लाकडाच्या एकाच फळीनं दोन्ही करायचं म्हणजे डोकं चक्रावणारच ना!

गोंदियाजवळच्या एका गावात चैतराम नावाचा रेल्वेचा गँगमन राहत असे. मी त्याच्या घराचं दार. त्याची मुलगी शांती गावच्या शाळेत जायची, म्हणजे शाळेपर्यंत जायची. अस्पृश्यांच्या पोरांना आत जायची मुभा नव्हती. ती व्हरांड्यात बसून खिडकीतून ऐके. थंडीत वारा सुटला की गुरुजी म्हणत, "भैयालाल, खिडकी लाव." भैयालाल बड्या शेतकऱ्याचा मुलगा, खिडकीपाशी बसणारा. तो उठून कडी घाली आणि शांतीचं शिकणं त्या दिवसापुरतं संपे.

एका संध्याकाळी तिनं बापाला कविता म्हणून दाखवली, ती अर्ध्यावरच थांबली.

"पुढं?" चैतरामनं विचारलं.

"पुढं खिडकी लागली, बाबा."

त्यानंतर महिनाभरात आमच्या वस्तीनं माती तुडवून एक खोली उभी केली. शिकवायला एक मास्तर आणले. पाटीसाठी फळी मिळेना, तेव्हा चैतरामनं मला बिजागरीतून उचकटून काढलं. कडी उपटली, तिचं भोक तेवढं राहिलं. त्या हिवाळ्यात त्याच्या घराला दाराच्या जागी गोणपाटाचा बारदाना लटकत होता. पोरगी रात्रभर कुडकुडायची. मला त्याचा अभिमान वाटतो आणि लाजही वाटते. कोणतं खरं, अजून ठरलेलं नाही.

आमगावहून बिसराम रंगारी आला. ब्रश बुडवून म्हणाला, "नाव काय लिवू?"

"लिव ना, आपली शाळा," चैतराम म्हणाला.

"अजी, नाव सांगा नाव! आपली म्हंजे कोनाची? वाचनाऱ्याले वाटंल, त्याचीच हाय."

"तं वाटू दे ना."

मास्तर म्हणाले, "चैतराम, 'आमची शाळा' लिहा. शोभेल."

"आमची लिवलं का दाराले कडी लागली, मास्तर. आताच तं कडी उपटली. आपलीच लिवा."

बिसरामनं मान हलवत लिहिलं. कडीचं भोक नेमकं 'शा'च्या पोटात आलं.

तेव्हापासून मी 'आपली' म्हणत राहिले आणि रस्त्यावरून जाणारे 'त्यायची शाळा' म्हणत राहिले. काही जण तर मान वळवून जात. पण मित्रांनो, अक्षर एकदा ओळखता आलं की डोळा वाचल्याशिवाय राहत नाही. मग मनात तरी ते 'आपली' म्हणत असतील का? की मीच खोटं बोलत होते? बिज्याचं लाकूड वाळवीला हार जात नाही, पण हा प्रश्न मला आतून पोखरत राहिला.

शाळा मात्र वाढली. मॅट्रिकपर्यंत वर्ग झाले. शांती पहिल्या खेपेला पास झाली आणि तिथंच बाई म्हणून परत आली. पुढं कायदा आला, काळ बदलला. गावच्या शाळेनं वस्तीतल्या पोरांना आत घेतलं, बाकावर बसवलं. याचसाठी तर सगळा अट्टहास होता! पण पोरं तिकडं गेली आणि आमचे वर्ग ओस पडत गेले. शेवटी कुलूप लागलं. हसावं की रडावं, ते मला कोणी शिकवलं नव्हतं.

यंदा खोली पाडायला काढली. शांतीबाई आता नव्वदीला टेकलेल्या. मला गावच्या शाळेत लावा, म्हणून त्या काठी टेकत तिथल्या शाळेच्या कमिटीकडं गेल्या. उत्तर आलं, "ते त्यायचं हाय, आपल्या शाळेत काऊन?" त्या परतल्या. इकडं मलबा उचलणाऱ्या मोनूनं मला बाजूला आपटलं. "ही फळी कोनाची हाय? नाही तं बकऱ्यायच्या कोठ्याले ठोकतो!"

शांतीबाईंनी कडीच्या भोकावर हात ठेवला.  मी तर बकऱ्यांकडं जायची तयारीच केली.

समोरच्या पानठेल्यावरून एक म्हातारा उठला. तो भैयालाल. ऐंशी वर्षांत त्यानं हा रस्ता ओलांडला नव्हता. त्यानं चष्मा लावला, बोट फिरवत वाचलं, "आपली." आणि तिथंच थांबला.

"आपली म्हंजे कोनाची, भैयालालभाऊ?" शांतीबाईंनी विचारलं.

"खिडकी मीच लावत होतो, बाई."

"मले मालूम हाय. इचारलं ते सांग."

त्यानं वाकून माझं एक टोक धरलं. "मोनू, तिकडून उचल. शाळेत जाऊन राहिलो आपन. कमिटीले मी पाहून घेतो."

आता मी गावच्या शाळेत आहे, त्याच खिडकीशेजारी. सकाळी सगळ्या गल्ल्यांतली पोरं मला मोठ्यानं वाचतात. भैयालालनं त्या दिवशी नुसतं वाचलं, की 'आपल्या सगळ्यांची' म्हटलं, की 'बाई, ही आपली, म्हणजे तुमची' म्हणून शांतीबाईंची शांतीबाईंना परत केली? मला अजूनही उमगलेलं नाही.

मित्रांनो, मला रंग देऊ नका, हारही घालू नका. थंडीत वारा सुटला तर खिडकी जरूर लावा. फक्त कडी घालण्याआधी बाहेर कोणी बसलंय का, तेवढं वाकून बघा.